देवकापसाच्या आळ्यातली माती

“कापूस गेला म्हणून हळहळत बसू नको. त्याच आळ्यात मूठभर सरकी टाक. राहील ते आपलं, जाईल ते देवाचं. पण जागा हलवायची नाही हो, कुसुम.”

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण परसात पाऊल टाकलं की हे शब्द अजून त्यांच्या आवाजासकट ऐकू येतात. त्यांना दमा होता, त्यामुळे शेवटचा ‘हो’ अगदी खाली, कुजबुजल्यासारखा यायचा. मी त्यांचं सांगणं कधी मोडलं नाही. मोडावं असं काही त्यात दिसलंही नव्हतं.

आमच्या विहिरीच्या मागच्या अंगाला जांभ्या दगडांनी गोल बांधलेलं आळं आहे, त्यात हा देवकापूस. शेतातला कापूस वर्षात उपटून टाकतात, हा तसा नव्हे. हे झाड वर्षानुवर्षं राहतं, माणसाच्या डोक्यावर जातं, आणि त्याचा कापूस फक्त देवाच्या वातींना आणि वस्त्रांना वापरायचा. गिरणीत सरकी काढलेला बाजारचा कापूस आमच्या देवाला चालत नाही. बोटांनी सरकी सोडवायची, बोटांनीच पिंजायचा. नेमाच्या वाती वळून देवापुढे ठेवल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात घेतलेला हा नेम आहे, आणि तो चालला तो या एका झाडाच्या जिवावर.

झाड दिसायला मात्र अगदीच किरकोळ. बोंडं सुपारीएवढी, कापूस आखूड. सासूबाईंच्या वेळेपासून तेच उभं होतं. त्याआधीची कितीतरी रोपं त्याच आळ्यात उगवून त्याच आळ्यात माना टाकून गेली होती. त्यांच्यामागून हे एक उरलं. रोपं मरायची ती का मरायची, असं आमच्या घरात कुणी विचारलं नाही. जाईल ते देवाचं, एवढ्यावर सगळं मिटायचं.

आमच्या परसाच्या कडेला कमरेएवढा दगडी गडगा आहे, आणि गडग्यापलीकडे यमुनाबाईंचं परस. यमुनाबाई माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठ्या. त्यांचे यजमान आप्पा कचेरीतून पेन्शन घेऊन घरी बसलेले. यमुनाबाईंकडे देवकापसाची तीन झाडं होती, आणि ती बघायला आळीतल्या बायका मुद्दाम यायच्या. बी त्यांनी राजापूरहून, लेकीच्या सासरहून आणलं होतं. त्या दर काही वर्षांनी जागा बदलायच्या, नवी माती, शेणखत, राख, सगळं वेळच्या वेळी. बोंडं लिंबाएवढी यायची आणि कापूस असा लांब की वात वळायला नुसतं बोट लावलं की पुरे. माझ्या वातीला त्या हसायच्या. म्हणायच्या, “तुझी वात म्हणजे भटजींची शेंडी गो. धरायला जावं तर हाताला लागत नाही.” मीही हसायची. खोटं नव्हतंच ते.

त्यांची एकुलती एक लेक मालिनी. पहिल्या बाळंतपणात मालिनी अगदी हातची जायची वेळ आली होती. तेव्हा राजापूरला तिच्या उशाशी बसून यमुनाबाईंनी बोलून ठेवलं होतं, मुलगी उठून बसू दे, मी माझ्या परसातल्या कापसाच्या लक्षवाती विश्वेश्वरापुढे जाळीन. मालिनी उठली. यमुनाबाई वाती वळायला बसल्या. परसातल्याच कापसाच्या, असं तोंडून गेलं होतं, म्हणून त्या कुणाकडून चिमूटभरही घेत नसत. डबे भरत चालले होते, तरी निम्म्याहून जास्त वाती व्हायच्या होत्या. त्यात त्यांचे गुडघे धरलेले. कधी कधी म्हणायच्या, हात चालतायत तोवर उरकलं पाहिजे.

मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. अक्षय्यतृतीयेला यमुनाबाई पाटी घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांचं म्हणणं असं की माझं झाड एवढं किरकोळ, ना खत ना पाणी, आणि तरी वर्षानुवर्षं हलत नाही. त्यांची झाडं इतकी लाडावलेली, पण चार-पाच वर्षांत दमतात. तेव्हा गुण झाडाचा नव्हे, मातीचा. “तुझ्या सासूनं त्या आळ्यात जन्मभर तीर्थाचं पाणी ओतलं,” त्या म्हणाल्या, “ते वाया कसं जाईल?” त्यांनी आळ्याला हळदकुंकू वाहिलं. मीच खुरप्यानं माती उकरून पाटी भरून दिली आणि वर एक तुळशीचं पान ठेवलं. त्यांनी ती तिन्ही झाडांच्या बुडाशी वाटून घातली. मला इतकं बरं वाटलं होतं त्या दिवशी. सासूबाईंच्या हातचं काही दुसऱ्याच्या घरी चाललंय असं.

श्रावणात त्यांच्या पहिल्या झाडाची एका बाजूची पानं पिवळी पडली. बाहेर धो धो पाऊस, आळं पाण्यानं भरलेलं, आणि झाड बघावं तर वैशाखात पाणी तोडल्यासारखं माना टाकून उभं. आप्पा म्हणाले, पाणी फार झालं. त्यांनी गड्याला, धोंडूला, चर काढायला लावला. चर काढला तर दुसरं झाडही तसंच. धोंडूनं मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि ठसका आला नाही म्हणून दृष्ट लागल्याची खात्री दिली. गोकुळाष्टमीपर्यंत तिन्ही झाडं वाळून काठ्या झाली.

आळीत बोलायला वेळ लागतो थोडाच. पलीकडच्या सावित्रीवहिनी विहिरीवर, यमुनाबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं बोलल्या की वाती वळताना मन निर्मळ लागतं, देव सगळ्यांच्या हातच्या घेत नाही. यमुनाबाई कळशी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी मी गेले तर वातींचे डबे माळ्यावर चढवलेले होते. त्या माजघरात नुसत्या बसल्या होत्या, हात मांडीवर.

मला बघून म्हणाल्या, “मालिनीचा जीव मागितला तेव्हा त्यानं ऐकलं. आता द्यायला गेले तर घेत नाही. मी काय समजायचं, कुसुम?”

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि घरी आले. पण त्या दिवसापासून माझ्या मनात एकच गोष्ट घोळायला लागली. माती माझ्या आळ्यातली. माझं झाड त्या मातीत पाय रोवून उभं, पावसात नाहून हिरवंगार. तीच माती पाटीभर पलीकडे गेली आणि यमुनाबाईंची तीन झाडं गेली. जी माती एकाला मानवते तीच दुसऱ्याला कशी मारते? जपाला बसलं की माळ पुढे सरके, मन मात्र गडग्यावर जाऊन बसे. देवाची क्षमा मागून पुन्हा सुरुवात करायची, पुन्हा तेच.

गणपतीला माझे धाकटे दीर आले, परशुरामभावोजी. हे सरकारी शेतकी खात्यात, घाटावर धारवाडच्या बाजूला कापसाच्या फार्मावर नोकरीला. दोन वर्षांनी घरी आले होते. मी पानात मोदक वाढता वाढता त्यांना यमुनाबाईंच्या झाडांचं सांगायला लागले. ते म्हणाले, “वहिनी, बारा महिने मी कापसाचं मरणच बघतो. मोदक तरी सुखानं खाऊ द्या.” पण खाऊन हात धुतले आणि कोयती घेऊन तसेच गडगा ओलांडून गेले.

त्यांनी वाळलेल्या झाडाचा बुंधा तिरपा कापला आणि मला दाखवला. सालीच्या आत, लाकडात, तपकिरी काळपट कडं होतं, चुलीच्या धुरानं वासा काळा पडतो तसं. ह्या रोगाला ते मर म्हणतात. मातीत एक बुरशी असते, डोळ्यांना न दिसणारी. ती मुळातून आत शिरते आणि झाडाच्या पाणी चढायच्या वाटा बुजवून टाकते. “घशात बोळा बसलेल्या माणसापुढे समुद्र ठेवला तरी काय उपयोग?” ते म्हणाले. म्हणून भर पावसात झाड तहानेनं मेलं.

“ही आली कुठून?” मी विचारलं.

त्यांनी पाटीभर मातीची हकीकत ऐकली होती. ते म्हणाले, “तुमच्याच आळ्यातून आली असणार. आईनं पहिलं रोप घाटावरून मुळाच्या मातीसकट आणलं होतं, ते मला आठवतंय. तेव्हाच आली असेल.”

का कोण जाणे, मला पुढचं ऐकायची घाई झाली. मग माझं झाड कसं उभं आहे, हे मी विचारलं तर ते म्हणाले, कापून बघू. मी कशी कापू देईन? मग एक बारीक डहाळी द्या म्हणाले. मी झाडाला पाणी घातलं, नमस्कार केला आणि बुडातून फुटलेली एक डहाळी दिली. त्यांनी ती चिरली. आतून पांढरीशुभ्र, मुळ्यासारखी. ते ती कितीतरी वेळ बोटांत फिरवत राहिले. मग त्यांनी आमच्याकडे लावणी कशी करतात ते विचारलं. मी सासूबाईंची रीत सांगितली, त्याच आळ्यात मूठभर सरकी, राहील ते आपलं.

भावोजी हसायला लागले आणि मध्येच थांबले. गडग्यावर बसले.

त्यांच्या फार्मावर एक शेत आहे म्हणे, मुद्दाम रोगी ठेवलेलं. इतर शेतांत मरीनं गेलेली झाडं आणून, बारीक करून त्याच शेतात गाडतात, की बुरशी तिथून हलू नये. मग देशोदेशींचा कापूस तिथे पेरायचा. बहुतेक मरतो. एखादं झाड उरलं तर त्याचं बी धरायचं आणि पुन्हा त्याच शेतात पेरायचं. पुन्हा उरलं, पुन्हा पेरायचं. “आमचे साहेब विलायतेहून हे शिकून आले,” ते म्हणाले. “इथे आई जांभ्याच्या एवढ्याशा आळ्यात तेच करत होती, आणि मी लहानपणी पाणी घालायला कंटाळायचो म्हणून तिच्या हातचा मार खायचो.” त्यांनी डोळे पुसले असावेत. मी दुसरीकडे बघितलं.

मग मी त्यांना विचारत राहिले, आणि तेही, गणपतीची आरती खोळंबली तरी, सांगत राहिले. मला वाटलं होतं की झाडाला हळूहळू सवय झाली असेल, कडू काढा रोज घेऊन जीभ मरते तशी. ते म्हणाले, नाही, पूर्वी पुष्कळांना तसंच वाटायचं. ज्याला सोसतं त्याला बियात असल्यापासून सोसतं. ज्याला सोसत नाही त्याला कितीही सवय करा, मरतंच. हा गुण आईबापाकडून पोराला येतो. “आपल्या घराण्याचं नाक बघा. माझं तसं, दादाचं तसं, भिंतीवरच्या तसबिरीत आजोबांचं तसं. कुणी सवय केली होती का नाकाची?”

“पण पहिल्याला कुठून आलं?”

“ते अजून कुणाला ठाऊक नाही, वहिनी,” ते म्हणाले. हे मला फार आवडलं. ठाऊक नाही हे इतक्या सरळपणे सांगणारा माणूस मी क्वचितच बघितला होता.

त्या रात्री आरतीच्या वेळी मी गणपतीपुढे हात जोडून उभी होते आणि मनात येत होतं, हा गुण मातीचा नव्हे, आमच्या तीर्थाच्या पाण्याचा नव्हे, सरकीच्या एवढ्याशा दाण्यात कुठेतरी तो बसलेला आहे, आणि बाहेरून दाणा बघितला तर काही दिसत नाही. मला त्यात देव कमी झाल्यासारखं वाटलं नाही. उलट एवढ्या वर्षांत त्यानं हे किती गुपचूप चालवलं, असंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी भावोजींना खरं विचारायचं ते विचारलं. माझी सरकी यमुनाबाईंच्या त्याच रोगी आळ्यांत टाकली तर जगेल का? ते म्हणाले, नवी जागा शोधून उपयोग नाही, चराच्या पाण्याबरोबर बुरशी परसभर गेली असणार; सरकीतली काही जगेल, काही मरेल. मधमाश्या गडगा मानत नाहीत. इतकी वर्षं पलीकडच्या फुलांचा पराग इकडे आणि इकडचा तिकडे गेलेला आहे. माझ्या बोंडांतली काही सरकी नुसती माझ्या झाडाची असेल, काहीचा बाप यमुनाबाईंचं झाड असेल. बघून ओळखता येणार नाही. मातीच सांगेल.

“आणि सगळीच मेली तर?”

“तर मेली,” ते म्हणाले. त्यांना ते सोपं होतं.

मला नव्हतं. अनंतचतुर्दशीनंतर भावोजी गेले आणि मी चार दिवस विचार करत राहिले. माझी सरकी पलीकडे मेली तर यमुनाबाई काय म्हणतील ते मला ऐकू येत होतं. देवानं एकदा नाही म्हटलं, आता दुसऱ्यांदा. मग ते डबे माळ्यावरून कधीच खाली येणार नाहीत. न सांगितलं तरी डबे माळ्यावरच. शेवटी सरकी वाटीत घेऊन गेले.

मी त्यांना सगळं सांगितलं, रोग माझ्याच मातीतून आला हेही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हणजे देवानं नाही मारली?”

“बुरशीनं मारली.”

“आणि बुरशी कुणाची गो?”

त्यांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलं होतं. मी म्हटलं, “बुरशी त्याचीच. पण तिला न जुमानणारं बीही त्याचंच आहे ना? त्यातलं आपल्याला काय द्यायचंय ते अजून त्यानं सांगितलेलं नाही.” त्यांनी वाटीत बोट घालून सरकी ढवळली. म्हणाल्या, टाक.

त्याच तीन आळ्यांत आम्ही सरकी टाकली. धोंडूला आमचं डोकं फिरल्यासारखं वाटलं. चांगली मोकळी जागा सोडून दोघी बायका मेलेल्या झाडाच्या जागी बी टाकतायत, हे त्यानं आप्पांना दोनदा जाऊन सांगितलं. आप्पा म्हणाले, बायकांच्या व्रतात पडू नये, माझी पेन्शन त्यातूनच टिकून आहे.

पितृपंधरवड्यात रोपं वर आली, अगदी दाट. यमुनाबाईंचा चेहरा जरा खुलला. पण नवरात्र बसलं आणि एक-एक रोप माना टाकायला लागलं. मी सकाळी उठले की देवघरात जायच्या आधी गडग्याशी जायची. आधी देव, मग बाकी सगळं, हा माझा जन्माचा क्रम, तो कधी उलटा झाला ते कळलंही नाही. काल उभं असलेलं रोप आज आडवं. कुठलं राहणार, कुठलं जाणार, पानावरून काही कळत नसे. कधी सगळ्यांत तजेलदार दिसणारंच आधी जाई. भीती वाटे आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यमुनाबाईंनी हात टेकले. “पुरे झालं,” म्हणाल्या. “रोज सकाळी उठून मेलेलं बघायचं, एवढा जीव माझ्यात नाही.” त्यांनी धोंडूला तिन्ही आळी खणून माती समुद्रात टाकून यायला सांगितलं.

मला मोठ्यानं बोलता येत नाही. भांडता तर त्याहून येत नाही. धोंडूनं कुदळ खांद्यावर घेतलेली दिसली तशी मी माळ घेतली, गडगा ओलांडला आणि मधल्या आळ्याच्या दगडावर जाऊन जप करत बसले. धोंडू समोर उभा. “वयनी, उठा वायच,” म्हणाला. मी मणी ओढत राहिले. त्यानं कुदळ टेकवली, तंबाखू मळली, पुन्हा बघितलं. मग यमुनाबाईंना बोलवायला गेला.

यमुनाबाई मागच्या दारात आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“सत्याग्रह करतेस होय गो?”

“फक्त दिवाळीपर्यंत,” मी म्हटलं. “दिवाळीनंतर मी स्वतः उपटीन.”

“ही मिठासाठी नाही, सरकीसाठी बसलीय,” त्या धोंडूला म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. “जा बाबा, नारळ सोल जा.”

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. तिन्ही आळ्यांत मिळून मोजकी रोपं उरली होती. ती मात्र हलली नाहीत. पौषात त्यांना फुलं आली, मधल्या आळ्यातल्या एकाला सगळ्यांत आधी. त्याची पानं जरा रुंद होती. मी भावोजींचं बोलणं आठवून त्याच्याकडे पुन्हा पुन्हा बघायची, पण मनातलं बोलले नाही. नसती आशा लावायला नको.

फाल्गुनात त्याचं पहिलं बोंड उमललं. यमुनाबाईंनी मला गडग्यावरून हाक मारली. बोंड त्यांच्या तळहातावर होतं, लिंबाएवढं. त्या ओट्यावर बसल्या, बोटांनी एक-एक सरकी सोडवली, कापूस हलकेच ओढला आणि वात वळायला घेतली. डोळे मिटलेले. वात एका दमात वळली गेली, दोन्ही टोकं सुबक.

“ही माझी आहे गो,” त्या म्हणाल्या.

“तुमच्याच परसातली आहे ना.”

“तसं नाही म्हणत. ही राजापूरच्या बियाची वात आहे. माझ्या मेलेल्या झाडांची. ही ओढ माझ्या बोटांना ठाऊक आहे. तुझ्या झाडानं जन्मात असा कापूस दिला नसता.”

मग मी त्यांना मधमाश्यांचं सांगितलं, जे आधी सांगायला धीर झाला नव्हता. की ज्या वर्षी त्या गडग्यापलीकडून माझ्या वातींना हसत होत्या, त्याच वर्षी त्यांच्या झाडाचा पराग माझ्या फुलात आलेला असणार. झाडं मेली तरी त्यांचं पोर आधीच माझ्या बोंडात होतं. लांब कापूस बापाचा आणि मरीला न जुमानणं आईचं. त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा सांगत असताना त्या मध्येच उठल्या आणि धोंडूला शिडी आणायला सांगून माळ्यावरचे डबे उतरवून घेतले.

पण एका झाडाच्या कापसानं लक्षवाती व्हायच्या नव्हत्या. बाकीच्या उरलेल्या रोपांचा कापूस आखूडच निघाला, माझ्यासारखा. मधल्या झाडासारखी आणखी झाडं हवी होती. वैशाखात भावोजी आठ दिवसांसाठी आले तेव्हा यमुनाबाईंनी त्यांना ओट्यावर बसवून घेतलं आणि पन्हं पाजता पाजता उलटतपासणी केली. ह्या झाडाची सरकी टाकली तर सगळी अशीच होतील का? भावोजी म्हणाले, नाही. काही आजीवर जातील, काही आजोबांवर. पुष्कळ मरतील. पण दुसऱ्या झाडाचा पराग त्यात आणखी मिसळला तर काहीच भरवसा नाही. तेव्हा उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी शेंड्याशी दोऱ्यानं बांधायची. फूल आतल्या आत फळतं, मधमाशी शिरत नाही. ज्या बोंडाची कळी बांधली त्याच बोंडाची सरकी धरायची, आणि टाकायची पुन्हा ह्याच रोगी आळ्यात.

“म्हणजे झाडाला सोवळं पाळायला लावायचं,” यमुनाबाई म्हणाल्या.

“तसं म्हणा.”

“आणि हे रोज?”

“फुलं येतायत तोवर रोज. एक संध्याकाळ चुकली तर त्या दिवसाच्या कळ्या गेल्या.”

आप्पा आरामखुर्चीतून म्हणाले की हिला जिना उतरताना दोन माणसं लागतात, ही कसली रोज परसात जाते. यमुनाबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. भावोजींना म्हणाल्या, “बांधीन मी. शब्द देते.” मी म्हटलं, मी येत जाईन गडगा ओलांडून. त्यावर त्या नुसत्या मान हलवून आत गेल्या. त्याचा अर्थ हो की नाही ते मला तेव्हा कळलं नाही.

पावसाळ्यानंतर झाड पुन्हा कळ्यांवर आलं. त्याच सुमाराला मालिनी दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पहिल्या खेपेची धास्ती सगळ्यांच्या मनात, त्यामुळे घरात दिवसभर माणसांचा राबता, सुईण येऊन-जाऊन, राजापूरची विहीणबाई मुक्कामाला, चहाचं आधण उतरायला सवड नाही. कळ्या बांधायच्या पहिल्याच संध्याकाळी मला वाटलं, आज काही यमुनाबाईंना जमायचं नाही, आपणच जाऊ. मी दिवसभराच्या निर्माल्याची परडी खाली ठेवली आणि दोरा शोधायला लागले.

उन्हं उतरत होती. मी गडग्याशी आले तर पलीकडचं मागचं दार हळूच उघडलं. यमुनाबाई बाहेर आल्या. आतून कुणीतरी त्यांना हाक मारत होतं, त्यांनी ओ दिली नाही. त्यांच्या मनगटाला दोऱ्याची गुंडाळी होती, एका हातात काठी. भिंतीला धरून त्या एक पायरी उतरल्या, थांबल्या, गुडघ्यावर हात दाबला आणि दुसरी पायरी उतरल्या. मी हाक मारली नाही. त्या मधल्या आळ्याकडे चालायला लागल्या.